मदेइरात चालायला जाताय? आधी ढग बघा, मग नकाशा

अटलांटिकमधलं पोर्तुगालचं हे बेट जेमतेम 57 किलोमीटर लांब आणि 22 रुंद. नकाशा पाहिला की वाटतं, आठवड्यात सगळं पायाखालून जाईल. पण मधोमध डोंगराची उभी भिंत आहे (पिको रुइवो हे सर्वांत उंच शिखर 1862 मीटर) आणि ईशान्येचे वारे तिच्यावर आदळले की ढग उत्तरेच्या बाजूला अडून राहतात. उत्तरेला पाऊस लागलेला असताना दक्षिणेला फुंशालमध्ये लख्ख ऊन, हे तिथलं नेहमीचंच. म्हणून सोमवारी हा मार्ग, मंगळवारी तो, असं पक्कं वेळापत्रक आखू नका. उत्तरेचे दोन, दक्षिणेचे दोन, एक शिखराचा आणि एक पूर्व टोकाचा असे मार्ग निवडून ठेवा. रोज सकाळी बेटावरचे वेबकॅम पाहून त्यातला एक घ्या. खाली धुकं असलं तरी शिखर ढगांच्या वर मोकळं असू शकतं.

अनेक अधिकृत मार्गांना आता शुल्क आणि ऑनलाइन नोंदणी लागते. गर्दीच्या मार्गांपुरते दिवस बांधून घ्या, बाकीचे मोकळे ठेवा. मार्ग चालू आहे की बंद, हे आदल्या दिवशी पुन्हा तपासाच. 2024 च्या ऑगस्टमधल्या वणव्यानंतर आरिएइरो शिखर ते रुइवो शिखर हा सगळ्यात गाजलेला मार्ग दीर्घकाळ बंद होता. रुइवोला अशादा दो तेइशेइराहूनही जाता येतं, एका बाजूने 2.8 किलोमीटर, फरसबंदी वाटेने.

इथली खरी मजा लेवादांची. लेवादा म्हणजे पाट. पावसाळी उत्तरेचं पाणी कोरड्या दक्षिणेच्या शेतांना नेण्यासाठी पंधराव्या शतकापासून खोदत आणलेले. पाटाच्या काठाने पाटकऱ्याच्या ये-जा करण्यापुरती वाट असते, तीच आपली वाट. चढ जवळपास नाही, त्यामुळे लोक फसतात. पाट प्रत्येक घळीत आत शिरून पुन्हा बाहेर येतो, म्हणून समोर दिसणारं वळण गाठायला अर्धा तास लागतो. काही ठिकाणी वाट दीड-दोन फुटांची, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला कडा, मध्ये फक्त तारेचं कुंपण. तेही कुठेकुठे नसतं. ताशी तीन किलोमीटर धरा. उंचीची भीती असेल तर असा मार्ग सोडून द्या, त्यात कमीपणा काहीच नाही.

काल्देइरांव वेर्द या धबधब्याकडे जाणाऱ्या पाटाच्या वाटेवर चार बोगदे आहेत. छत बुटकं, खाली डबकी, दगड शेवाळलेले. मोबाइलचा प्रकाश कामाचा नाही, कारण एक हात भिंतीला लागतो. हेडटॉर्चच हवा. डोक्यावर टोपी ठेवा, छताचे दगड खरोखर लागतात. चालायच्या काठ्या पाटावर अडचणच करतात, टोक पाण्यात जातं. त्या शिखराच्या पायऱ्या उतरताना वापरा. बुटांचा तळ झिजलेला असेल तर ते घरीच ठेवा.

पाटाचं पाणी हेच एक होकायंत्र आहे. उलट दिशेने चालत असाल तर डोंगराकडे, उगमाकडे चाललात. पाण्यासोबत असाल तर शेताकडे. दाट धुक्यात याचा फार आधार वाटतो, कारण खोल घळीत जीपीएस भरकटतो. खुणाही ओळखून ठेवा: पिवळा आणि लाल पट्टा समांतर म्हणजे वाट बरोबर, फुली म्हणजे चुकलात.

पूर्वेचं टोक, पोन्ता द सांव लोरेन्सो, याच्या अगदी उलट. झाड नाही, सावली नाही, वारा मात्र प्रचंड. माणशी दीड लिटर पाणी न्या आणि सकाळी लवकर निघा. दहानंतर गाड्या भरून माणसं येतात.

पाटाचे बरेच मार्ग एकीकडे सुरू होऊन दुसरीकडे संपतात. भाड्याने गाडी घेतली तर ती सुरुवातीलाच अडकते, तिथे टॅक्सी सोयीची. गाडी घेणारच असाल तर अगदी लहान इंजिनाची नको, चढ फार तीव्र आहेत.

आणि परतीचं विमान: तिथल्या धावपट्टीवर आडव्या वाऱ्यामुळे विमानं उशिरा सुटतात, कधी रद्दच होतात. पुढचं लांबचं विमान त्याच दिवशी धरू नका, लिस्बनमध्ये एक रात्र राखून ठेवा.