तुम्ही विचारलंत म्हणून: म्हातारपणी कान वाढतात का?

नागपुरात इतवारीच्या सराफ्यात आमचं दुकान आहे. कान टोचायला बाळ येतं तेव्हा सोबत बहुतेक आजी असतेच. मग बाळाच्या आईची नजर एकदा बाळाच्या कानाकडे, एकदा आजीच्या कानाकडे जाते आणि प्रश्न येतो, "काका, वय झालं की कान मोठे होतात म्हणे, खरं का हो?"

खरं आहे. पण नखं-केस वाढतात तसे कान वाढत नाहीत.

इंग्लंडमधल्या काही फॅमिली डॉक्टरांनी तिशीपुढच्या २०६ पेशंटांचे कान पट्टीनं मोजले. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९९५ साली ते छापून आलं. कानाची सरासरी लांबी ६७.५ मिलिमीटर, आणि वयाच्या दर वर्षामागे ०.२२ मिलिमीटरची भर. तिशीपासून साठीपर्यंत धरलं तर साडेसहा मिलिमीटर, म्हणजे तुरीचा एक दाणा. मात्र त्यांनी प्रत्येकाचा कान एकदाच मोजला होता, म्हणून हा हिशेब अंदाजाचा. माझी काही गिऱ्हाइकं त्यांच्या लग्नापासूनची आहेत. त्यांचे कान उतरताना मी पाहिलेत.

'उतरताना' हाच शब्द बरोबर. वरच्या कानात कुर्चा असते, ती आकार धरून ठेवते. पाळीत कुर्चा नाही, हाड तर नाहीच. नुसती कातडी आणि चरबी. कातडी ताठ ठेवणारे कोलॅजन आणि इलॅस्टिनचे तंतू वयानं झिजतात, मग पाळी पातळ होऊन खाली लोंबते. कानात कधी काही न घातलेल्या पुरुषांचीही. बायकांच्या पाळीवर वरून सोन्याचं वजन असतं.

मागे महाल भागातून एक आजी आल्या. कुड्या पुढे झुकलेल्या, मोती जमिनीकडे बघत होते. छिद्राची उभी फट झाली होती आणि तिच्याखाली जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं मांस उरलं होतं. "लग्नातल्या आहेत बाबू, काढून ठेव म्हणू नको," त्या आधीच म्हणाल्या. मी म्हटलंही नसतं. मागे फिरकीच्या आत रुंद, पातळ चकती बसवली आणि कुडीचं वजन केसांवर जावं म्हणून बारीक वेल लावून दिला. कुड्या सरळ उभ्या राहिल्या. आजी आरशात बघून एकेका मोत्याला बोट लावत होत्या.

झुमके कार्यापुरतेच घाला, झोपताना काढून ठेवा. पाळी फाटलीच तर घरी चिकटपट्टीचे उपाय करत बसू नका. डॉक्टर टाके घालून ती नीट जोडतात.

आणि बाळाचा कान टोचताना मी पेनानं ठिपका देतो तो पाळीच्या मध्याच्या किंचित वर. आया म्हणतात, जरा खाली घ्या ना, छान दिसेल. मी घेत नाही. त्या ठिपक्याखाली सत्तर वर्षं पुरेल एवढं मांस राहिलं पाहिजे.