लिस्बन ते माद्रिद: सव्वा तासाच्या उड्डाणाची आखणी

पोर्तुगालमध्ये सहा रात्री आणि स्पेनमध्ये चार, असे ताईने आणि मी ठरवले, तेव्हा मधला टप्पा रेल्वेने करायचा हे आम्ही गृहीतच धरले होते. ती हौस वेळापत्रक उघडताच फिटली. लिस्बन आणि माद्रिद या शेजारी देशांच्या राजधान्या असूनही त्यांच्यात आज थेट रेल्वे नाही. ‘लुसितानिया’ ही रात्रीची गाडी मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे बंद पडली, ती पुन्हा सुरू झालेली नाही. दिवसा जायचे तर सीमेजवळच्या बादाहोस शहरामार्गे गाड्या बदलत जवळजवळ सगळा दिवस जातो. रस्त्याने हे अंतर सुमारे ६२५ किलोमीटर आहे, हवाईमार्गे मात्र ५०० च्या आसपास. तेव्हा विमानाला पर्याय नव्हता.

तिकिटे पाहायला बसलो आणि ताई पहिल्याच ओळीला अडखळली. लिस्बनहून ११.०५ ला सुटणारे विमान माद्रिदला १.२५ ला पोहोचत होते. “अगं, पाचशे किलोमीटरला मुंबई–दिल्लीइतका वेळ?” असे ती म्हणाली, आणि लगेच परतीची ओळ वाचून हसू लागली, कारण संध्याकाळी ७.३० ला माद्रिदहून निघणारे विमान ७.५० ला लिस्बनला उतरत होते. कोडे घड्याळाचे होते. पोर्तुगालची वेळ स्पेनपेक्षा एक तास मागे आहे, आणि तिकिटावर नेहमी त्या त्या गावची वेळ छापतात. खरे तर नकाशावर स्पेनसुद्धा ब्रिटनच्याच रेखांशांवर आहे. पण १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने देशाचे घड्याळ एक तास पुढे नेले आणि ते तसेच राहिले. पोर्तुगालनेही १९९२ मध्ये मध्य युरोपची वेळ स्वीकारून पाहिली होती; १९९६ मध्ये मात्र ते जुन्या वेळेवर परतले. आमच्या आखणीपुरता त्याचा अर्थ एवढाच की जाताना दिवस एका तासाने आखूड होणार होता, आणि येताना तो तास परत मिळणार होता.

हा तास महत्त्वाचा होता, कारण माद्रिदमधल्या पहिल्याच संध्याकाळी आम्हांला प्रादो संग्रहालय गाठायचे होते. सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ तिथे प्रवेश मोफत असतो. पहाटे सहाचे विमान सर्वांत स्वस्त दिसत होते खरे, पण लिस्बनची मेट्रो साडेसहाला सुरू होते, म्हणजे टॅक्सीचे पैसे आणि मोडलेली झोप त्या भाड्यातच धरायला हवी. दुपारी तीनच्या विमानाने गेलो असतो तर प्रादो हुकण्याची भीती होती. म्हणून ११.०५ चे ठरले.

सामानाने आणखी एक संध्याकाळ खाल्ली. स्वस्त कंपन्यांच्या मूळ भाड्यात बहुधा समोरच्या आसनाखाली मावेल एवढीच पिशवी नेता येते. मोठ्या बॅगेचे पैसे त्यात मिळवले की स्वस्त–महागाची उतरंड पार बदलते. भारतात परतण्याचे विमान लिस्बनहूनच असल्यामुळे आम्ही मोठ्या बॅगा तिथल्या हॉटेलात ठेवायचे ठरवले. घरचे लिंबाचे लोणचेही त्यांच्यासोबतच राहिले, कारण सुरक्षा तपासणीत लोणच्याची गणना द्रवात होते आणि १०० मिलिलिटरच्या मर्यादेत ताईची बरणी बसणे शक्यच नव्हते. शेंगदाण्याची कोरडी चटणी मात्र बरोबर आली.

एक निर्णय मी आग्रहाने घेतला. परतीचे माद्रिद–लिस्बन तिकीट आणि भारताचे तिकीट वेगवेगळे काढलेले होते. अशा वेळी पहिले विमान रखडून दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या नियमाप्रमाणे १५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला पोहोचायला तीन तास किंवा अधिक उशीर झाला, आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचे नसेल, तर २५० युरो भरपाई मिळते. पण तेवढ्यात भारताचे नवे तिकीट कुठून येणार? म्हणून आम्ही एक रात्र आधीच लिस्बनला परतायचे ठरवले. सहा रात्रींपैकी एक त्यासाठी राखून ठेवली होती.

व्हिसाचा प्रश्न सोपा होता. पोर्तुगालमध्ये मुक्काम जास्त, म्हणून अर्ज पोर्तुगालकडे केला. २६ मार्च १९९५ पासून दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने मध्ये शिक्का वगैरे काही नसतो. तरीही पारपत्र जवळ हवेच, आणि काही कंपन्या युरोपबाहेरच्या प्रवाशांना कागदपत्रे खिडकीवर तपासून घ्यायला सांगतात, ती ओळ तिकिटावर शोधून वाचावी.

ठरल्या दिवशी रोसियूहून हिरव्या मार्गाने अलामेदा आणि तिथून लाल मार्गाने थेट विमानतळ, असे आम्ही अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचलो. या विमानतळाला जनरल उंबेर्तू देल्गादू यांचे नाव आहे. १९४५ मध्ये पोर्तुगालची राष्ट्रीय विमान कंपनी त्यांनीच स्थापन केली. पुढे १९५८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत, निवडून आलो तर हुकूमशहा पंतप्रधान सालाझारला पदावरून दूर करीन, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. हा सालाझार आपल्याला परका नाही. १९६१ पर्यंत गोवा सोडायला तयार नसलेला तोच. देल्गादू ती निवडणूक हरले आणि १९६५ मध्ये पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांनी त्यांना सीमेपलीकडे, स्पेनच्या बादाहोस प्रांतात ठार केले. माद्रिदच्या विमानतळाला आदोल्फो सुआरेस यांचे नाव आहे, ज्यांनी फ्रँकोनंतर स्पेनला लोकशाहीकडे नेले. आमचे तिकीट अशा दोन नावांमधले होते.

विमानात पाणी पिऊन होईस्तोवर उतरण्याची सूचना झाली. खाली तपकिरी जमीन आणि तिच्यावर ठिपक्यांसारखी झाडे दिसत होती. माद्रिदला आम्ही चौथ्या टर्मिनलवर उतरलो. बांबूच्या पट्ट्यांचे लाटांसारखे छत आणि रंग बदलत जाणारे खांब पाहत ताई इतकी रेंगाळली की तिला ओढून मेट्रोकडे न्यावे लागले. इथल्या मेट्रोला विमानतळाचा ३ युरो अधिभार पडतो, तोही हिशेबात धरला होता. आठव्या मार्गाने नुएव्होस मिनिस्तेरिओस, मग हॉटेल, हातपाय धुणे, थोडी चटणी–पोळी.

पावणेसहाला प्रादोच्या दारापुढची रांग कोपऱ्यावरून वळून गेली होती. ताईने मनगट पाहिले आणि चिडून म्हणाली, “एवढ्या लवकर कशाला आणलंस, पाचसुद्धा वाजले नाहीत अजून.”