वाइंडिंगच्या दुकानातली वही

आमच्या ऑफिसात मार्च आला की अप्रेजलचा फॉर्म येतो. त्यात एक रकाना असतो, ‘या वर्षी तुम्ही काय शिकलात?’ बहुतेक जण तिथे ऑनलाइन कोर्सची नावं टाकतात. मीही बरीच वर्षं तेच केलं. व्हिडिओ दीडपट वेगाने पळवायचा, शेवटची प्रश्नावली सोडवायची आणि सर्टिफिकेट फोल्डरमध्ये टाकून मोकळं व्हायचं. मागच्या खेपेला मात्र मी त्या रकान्यात लिहिलं, ‘कूलरची मोटर भरायला शिकले.’ मॅनेजरना वाटलं मी थट्टा करतेय. मग म्हणाले, “बरं, पण याचा आपल्या कामाशी काय संबंध?” मीटिंग अर्ध्या तासाची, त्यातही पंधरा मिनिटं टार्गेटवर गेलेली. तिथे सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मी नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत सपोर्टला आहे. दुसऱ्यांच्या सिस्टिम अडकल्या की तक्रारीची नोंद, म्हणजे तिकीट, आमच्याकडे येतं. कूलर म्हणजे काय हे नागपूरकरांना सांगायची गरज नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी एवढंच सांगते, होळी झाली की आमच्याकडे टिनाचा कूलर खिडकीला लागतो, ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) बदलतात, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर तो चोवीस तास घरघरत असतो. मग कधीतरी मोटर जळते. जळते तीही नेमकी पाहुणे आले असताना.

तशीच एक जळकी मोटर घेऊन मी महाल भागातल्या एका गल्लीत गेले होते. दुकान एवढंसं, की आत मिस्त्रीकाका बसले की गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. समोर मोटरींचा ढीग, प्रत्येकीवर खडूने नाव. मी उभ्या उभ्या इतके प्रश्न विचारले की शेवटी काका म्हणाले, “तुले शिकाचंच असन ना बेटा, तर आत्ता नोको येऊ. आत्ता मले पानी प्याले टाइम नाई. पावसाळा लागू दे, मंग ये.” त्यांना वाटलं असेल, ही काय येते! ऑगस्टात मी गेले. शनिवारची सुट्टी मग तिथेच जायला लागली.

आता मोटर भरणं, म्हणजे जळलेलं तारेचं वाइंडिंग काढून नवं गुंडाळणं, ते थोडं सविस्तर सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातूनच निघतं.

जळलेली मोटर उघडली की आधी वास येतो. वार्निश जळल्याचा तो तिखट वास दोन दिवस ओढणीतून जात नाही. लोखंडी पत्त्यांच्या गोल स्टेटरला (मोटरचा न फिरणारा भाग) आतून खाचा असतात, त्यांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. ती काढायची म्हणजे एका बाजूने छिन्नीने छाटायची आणि दुसऱ्या बाजूने पकडीने खेचून काढायची. जोर लागतो, पण काम सोपं असतं. नवशिक्याचा हात आधी छिन्नीकडेच जातो. माझाही गेला. काकांनी हात आडवा घातला, “आधी मोज. मंग काप. ते जुन्या तारेत सगळं लिवलं असते.”

काय लिहिलेलं असतं? एकूण खाचा किती, वेटोळं कितव्या खाचेतून निघून कितव्या खाचेत उतरतं, मोटर चालू ठेवणारी रनिंगची वेटोळी कुठली, सुरू करून देणारी स्टार्टिंगची कुठली, जोड कुठून कुठे गेलाय. आमच्या कूलरच्या मोटरीला २४ खाचा होत्या, मोठं वेटोळं पहिल्या खाचेतून सहाव्यात आणि छोटं दुसरीतून पाचवीत. हे सगळं वेटोळी जागेवर आहेत तोवर कागदावर उतरवायचं. मग छाटल्यावर त्या जुडग्यातली टोकं एकेक करून मोजायची, म्हणजे फेरे कळतात. तारेचं एक टोक काडीने जाळून, पुसून, वरचा मुलामा काढायचा आणि मायक्रोमीटरने जाडी घ्यायची. (गेजचा नंबर वाढला की तार बारीक होते, हे डोक्यात बसायला वेळ लागला.) फेरे कमी पडले तर मोटर जास्त करंट ओढते आणि तापून पुन्हा जळते. जास्त झाले तर फिरते, पण दम नसतो. म्हणजे मोजणीत चुकलं की पुढची सगळी मेहनत पाण्यात. ढिगातून तुटकी टोकं मोजत बसणं हे जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम असेल. काका ते दुसऱ्यांदा मोजायला लावायचे, आणि दोन्ही आकडे जुळले तरच वहीत जायचे.

ती वही! लांबट, हिशेबाची असते तशी, लाल पुठ्ठ्याची, तेलाच्या बोटांनी काळी झालेली. प्रत्येक पानावर मोटरीची उंची, खाचा, फेरे, तारेचा नंबर, आणि कोपऱ्यात एकदोन शब्द. ‘बुश ढिला होता.’ ‘पाणी गेलं.’ ‘आधीच्यानं फेरे कमी टाकले.’ काकांकडे अशा वह्यांची चळत आहे. मोसमात एखादी मोटर अशी येते की कुणीतरी जुनं वाइंडिंग आधीच उपसून फेकलेलं असतं, मोजायला काही उरलेलंच नसतं. बाकीचे दुकानदार अशी मोटर परत पाठवतात. काका फूटपट्टीने उंची मोजतात, खाचा मोजतात आणि वही चाळतात. तशीच मोटर पूर्वी कधी भरलेली असतेच. त्या गल्लीत वाइंडिंगवाले आणखीही आहेत, वयानेही बरोबरीचेच. पण अडलेली मोटर याच दुकानात येते, आणि त्याचं कारण ती चळत आहे असं माझं ठाम मत आहे.

मला हे पाहून ऑफिसातली माझी सात-आठ वर्षं आठवली. हजारो तिकिटं बंद केली असतील. कशी बंद केली? ‘रीस्टार्ट केलं, चालू झालं.’ ‘पुन्हा इन्स्टॉल केलं, रिझॉल्व्ड.’ म्हणजे छिन्नी मारून मोकळं व्हायचं! आत काय होतं, कुणी मोजलंय? आमच्या क्षेत्रात ही पद्धतच आहे, कारण घड्याळ चालू असतं आणि तिकीट बंद होण्याला मार्क असतात. पण मुलाखतीत ‘आठ वर्षांचा अनुभव’ म्हणताना त्या आठ वर्षांतलं हाताशी काय असतं? धूसर आठवणी आणि एक एक्सेल शीट.

त्या पावसाळ्यातच मी ऑफिससाठी वही घातली. कागदाचीच. तिकीट आलं की काही हलवायच्या आधी आहे ती अवस्था लिहायची. कुठला बदल कधी झाला होता, एरर काय, कुणाला येतोय आणि कुणाला येत नाहीये. मग काय तपासलं, आणि काय तपासून बाद केलं. हा शेवटचा भाग मला सगळ्यात कामाचा वाटतो. काकांच्या सिरीज बल्बसारखा. मेनच्या दोन वायरींपैकी एकीत मध्येच बल्ब जोडलेला असतो. मोटरीला लावला आणि बल्ब भगभगीत पेटला तर आत शॉर्ट, पेटलाच नाही तर तार तुटलेली, मंद पेटला तर वाइंडिंग ठीक आणि दोष दुसरीकडे. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, हाताने पातं ढकललं की सुटते, अशी तक्रार आली तर काका वाइंडिंगकडे बघतही नाहीत, आधी कंडेन्सर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर) बदलून पाहतात. कुठे दोष नाही हे झटपट ठरवता आलं की निम्मं काम झालं.

वर्षभरात वही भरली. आमच्याकडे आतल्या आत एक जागा निघाली, वारंवार येणाऱ्या बिघाडांचं मूळ शोधण्याची. मुलाखतीत नेहमीचा प्रश्न आला, एखादा अवघड प्रसंग सांगा. मी वही उघडली आणि तारखेसकट वाचून दाखवलं. एका बँकेच्या शाखेतून दर महिन्याच्या सुरुवातीला येणारी तीच तक्रार, चार वेळा चार जणांनी ‘रिझॉल्व्ड’ केलेली, आणि पाचव्यांदा मूळ कसं सापडलं ते. जागा मला मिळाली. पगार वाढला, पण दवंडी पिटावी इतका नाही. मुद्दा असा की माझ्याहून हुशार दोघं त्याच मुलाखतीला होते. त्यांनीही अवघड कामं केलेली होती, मला माहीत आहे, शेजारीच बसायचे. त्यांना ती आठवून सांगावी लागली.

करिअरवर बोलणारे लोक हल्ली ‘स्वतःचा ब्रँड बनवा’ म्हणतात. आमच्या काकांच्या दुकानाला पाटीसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट. मे २०२४ च्या शेवटी नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं, आठवतं? मोबाइलवर नुसता धुमाकूळ. नंतर हवामान खात्याने खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. त्या दिवशी आसपासची दुसरी काही केंद्रं ४५ च्या आतबाहेर होती. आमच्या दुकानाबाहेर त्यावर दोन दिवस परिसंवाद चालला. काका एवढंच म्हणाले, “मीटर कायले पाह्यलं नाई त्यायनं?” त्यांची सवयच आहे. मल्टिमीटर हातात घेतला की आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून शून्य येतो का ते बघायचं, मगच मोटरीला लावायचं. मी नव्या जागेवर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात डॅशबोर्ड लालेलाल झाला, सगळे फोन करत सुटले. मी आधी विचारलं, हा आकडा देणारं यंत्र धड आहे का? नव्हतं. त्या दिवसापासून टीममध्ये माझं थोडं ऐकून घेतात.

पैशाच्या बाबतीतही तिथे एक पाहिलं. गिऱ्हाईक म्हणतं, स्वस्तात करा. मग ॲल्युमिनियमची तार टाकता येते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्याच खाचेत तितकीच ताकद काढायला गेलं की तापते. काका नाही म्हणत नाहीत. पण बिलावर मोठ्या अक्षरांत ‘ॲल्युमिनियम’ लिहितात आणि वाचून दाखवतात. “उद्या जळली त भांडाले येशीन, म्हनून आत्ताच सांगून देतो.” आमच्याकडे क्लायंटला तारीख देताना हे करायची हिंमत यायला मला बरेच दिवस लागले. कमी दिवसांत हवंय? मिळेल, पण टेस्टिंग इतकंच होईल, आणि ते मेलमध्ये लिहिलेलं असेल. सुरुवातीला वरिष्ठ जरा नाराज झाले. क्लायंट झाला नाही.

आता लोक मला विचारतात, मग नोकरी सोडून दुकान टाकणार का? काय बोलता! उकिडवं बसून माझे गुडघे बोलायला लागतात. शिवाय या धंद्याखालची जमीनही सरकतेय. १ जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनला स्टार लेबल सक्तीचं झालं, आणि बाजारात बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरीचे, पंखे वाढले. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, हा तीसेक वॅटमध्ये भागवतो. बिल कमी येतं म्हणून लोक घेतात, घ्यावेतच. पण त्यात बिघडतं ते बहुधा सर्किट, वाइंडिंग क्वचित. सर्किट बघून आमचे काका पहिल्यांदा जाम वैतागले. “हे पोट्ट्यायचं खेळनं हाये,” म्हणून बाजूला सारलं. त्यानंतरच्या शनिवारी मी गेले तर तेच सर्किट उघडून बसलेले, आणि मला म्हणाले, “तू कॉम्प्युटरवाली ना? सांग, हे काय हाये.” मला तरी कुठे येत होतं! आम्ही दोघांनी मिळून मोबाइलवर एकेका भागाची माहिती शोधली, कुठे किती व्होल्ट यायला हवेत ते एका चांगल्या पंख्यावर मोजलं, जळक्यावर मोजलं. काकांनी नवी वही काढली. पहिल्या पानावर त्यांनी सर्किटचं चित्र काढलं, पेन्सिलने, हुबेहूब. त्यांचा पोरगा श्रद्धानंदपेठेतल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन करतोय, ती वही आता तोच पुढे चालवतो आणि बापाशी वाद घालतो की चित्राऐवजी फोटो काढून ठेवू. बापाचं म्हणणं, फोटो काढला की माणूस बघत नाही. यात माझं मत बापाकडे झुकतं, पण फोटो शोधायला सोपा पडतो हेही खरं.

कुणाला शिकायचं असेल तर एक सांगते, एप्रिलमध्ये दुकानात जाऊ नका. कुणीही तुम्हाला उभं करणार नाही, आणि बरोबरच आहे. तेव्हा लांबून फक्त बघा, कुठल्या मोटरी येतात, गिऱ्हाइकं काय सांगतात, मिस्त्री आधी हात कुठे घालतो. शिकायला पाऊस लागल्यावर जा. ऑफिसातही मी हेच पाळते. वर्षअखेरीच्या धामधुमीत नव्या पोरांना काही शिकवायला बसत नाही, शेजारी बसवते. शिकवणी जुलैत. सोबत तर्री-पोहे नेले तर दोन्हीकडे काम लवकर होतं. आणि सिरीज बल्बला हात लावायच्या आधी रबरी चपला घाला. वायर उघडी असते, २३० व्होल्ट असतात, आणि काका त्या बाबतीत अजिबात दुसरी संधी देत नाहीत, सरळ घरी पाठवतात.