आमची वाटचाल: फ्युईच्या उतारावरचे टप्पे

मी निफाड तालुक्यातली. घरी थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग, मांडवावर चढवलेली. आमचं वर्ष दोन छाटण्यांवर चालायचं, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. द्राक्षाचं झाड सहा-सहा महिने झोपतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. 2012 साली स्वित्झर्लंडमध्ये न्यों गावाजवळच्या शांजँ इथे द्राक्षशेती आणि वाइनचं शिक्षण घ्यायला आले. पहिल्याच हिवाळ्यात बर्फातून वर आलेले काळे, सुकलेले खुंट बघून मला वाटलं, ही बाग मेली. माझ्या वर्गमैत्रिणीने खिशातली कात्री काढली आणि एक काडी छाटून मला आतला हिरवा रंग दाखवला.

तीच पुढे माझी भागीदार झाली. तिचं गाव फ्युई, व्हाले प्रांतात मार्तिन्यीजवळ, ऱ्होन नदीच्या उजव्या काठावर. तिच्या आजोबांचे उतारावर पायऱ्यांसारखे द्राक्षाचे सहा टप्पे होते, सगळे मिळून पंधरा गुंठे. विकायला काढले तर कोणी घेईना, कारण ट्रॅक्टर तिथे जाऊच शकत नाही. 2016 साली आम्ही दोघींनी तेवढ्यावरच वाइन करायला सुरुवात केली. पिंप आणि प्रेस ठेवायला शेजाऱ्याच्या तळघराचा एक कोपरा भाड्याने घेतला.

लावलेली जात पतीत आर्विन. ही व्हालेची स्वतःची पांढरी जात, लेखी उल्लेख 1602 पासूनचा. फार लाडाची. उशिरा पिकते, म्हणून उन्हाची चांगली जागा मागते. कोवळे फुटवे इतके ठिसूळ, की डोंगरावरून उतरणारा कोरडा, गरम फ्यॉन वारा एका दुपारीत निम्मी फूट मोडून टाकतो. आल्प्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हिरवी कुरणं येतात, पण दोन्हीकडच्या पर्वतांनी ढग अडवल्यामुळे ही दरी कोरडी आहे. जवळच्या सिओं शहरात वर्षाला जेमतेम 600 मिलिमीटर पाऊस. म्हणून इथल्या लोकांनी शतकानुशतकं डोंगराच्या कडेने पाट काढून वरचं पाणी खाली आणलं. त्या पाटाला ते ‘बिस’ म्हणतात. बारीवर पाणी घ्यायची पद्धत बघून मला घरच्यासारखं वाटलं.

फ्युईचा खडक नाइस जातीचा, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा, कठीण; वर वाऱ्याने आणून टाकलेली बारीक, पिवळसर माती. ती माती जागेवर राहते ती केवळ गडग्यांमुळे. कोकणात ज्याला गडगा म्हणतात तीच ही भिंत, चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात मोठा धडा, दोन्ही या भिंतीतच आहेत.

2018 च्या शरदात चौथ्या टप्प्याच्या भिंतीला पोट सुटलं. आम्हाला घाई होती. एका ठेकेदाराने सांगितलं, सिमेंट भरून टाका, पन्नास वर्षं बघायला नको. आम्ही भरलं. पुढच्या वसंतात बर्फ वितळलं, पाण्याला बाहेर पडायला फट उरली नव्हती, आणि सात मीटर भिंत एका रात्रीत खालच्या टप्प्यावर आली. चाळीस वर्षांची बत्तीस झाडं गेली. आजोबा तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते. रागावले नाहीत. काठी टेकत आले, खाली बसले आणि दगड वेगळे करायला लागले. मोठे एकीकडे, लांबट एकीकडे, चिपा वेगळ्या. भिंत आत, डोंगराकडे झुकलेली हवी. लांबट दगड आडवा, भिंतीच्या पोटात जाईल असा. मागे हातभर जाडीचा खडीचा भराव, म्हणजे पाणी अडत नाही, झिरपून निघून जातं. ती सात मीटर उभी करायला आम्हाला दोन महिने लागले. सुक्या दगडांच्या बांधकामाची ही कला 2018 मध्येच युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली होती, स्वित्झर्लंडसह आठ देशांची मिळून. आम्ही मात्र त्याच वर्षी सिमेंट कालवत होतो. याचं मला अजून वाईट वाटतं.

आता ‘मिनरल’ या शब्दाबद्दल, म्हणजे वाइनला दगडातल्या खनिजांची चव येते असं सांगणाऱ्या शब्दाबद्दल. सुरुवातीला आमच्या लेबलवर ‘खडकाची चव’ असं छापलेलं होतं. ते मी काढून टाकलं. वेल्समधले भूशास्त्रज्ञ ॲलेक्स मॉल्टमन वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की, दगडातली खनिजं मुळांवाटे जशीच्या तशी ग्लासात उतरत नाहीत, आणि मला ते पटतं. आमच्या पाचव्या टप्प्यावर आर्विनशेजारी शास्ला जातीच्या दोन ओळी आहेत, माती तीच. शास्लाची वाइन मऊ लागते. आर्विनमध्ये शेवटी जिभेवर खारटपणा रेंगाळतो, चकोतऱ्यासारखा आंबटपणा आणि मागून मीठ. म्हणजे तो खारटपणा मुख्यतः जातीचा. उतार काय देतो, तर पाण्याचा निचरा, दिवसभर तापून रात्री ऊब सोडणारी भिंत आणि थंड रात्री टिकवून ठेवतात तो आंबटपणा. ग्राहकाला मी हे एवढंच सांगते, आणि ते ऐकून आजवर कोणी बाटली परत ठेवलेली नाही.

वर्षं सारखी गेली नाहीत. 2017 च्या एप्रिलमध्ये दहिवराने खालचे दोन टप्पे जाळले. 2021 मध्ये आधी थंडी आणि मग पावसाळी उन्हाळा. देशातलं वाइनचं उत्पादन 1957 नंतरचं सगळ्यात कमी. पानाखालची पांढरी बुरशी मी लांबूनच ओळखली: डावणी. तिच्या भीतीने निफाडला आमचे नाना रात्री उठून बागेत जायचे, तसंच मीही गेले. त्या साली आमच्या सहाशेच बाटल्या झाल्या. आज सोबत भाड्याने घेतलेले टप्पे धरून एक एकर आहे आणि अडीच हजारांच्या आसपास बाटल्या निघतात.

बाटली 28 फ्रँकला. महाग आहे, मान्य. आमच्या वहीतल्या नोंदींवरून हेक्टरी हिशेब केला तर वर्षाला हजाराहून जास्त तास हातकाम होतं. यंत्र चालणाऱ्या सपाट बागेत निम्म्याहून कमी तासांत भागतं. किंमत कमी करायची तर एकच वाट, भिंतींकडे दुर्लक्ष. ती आम्ही घेणार नाही.

नाना 2023 च्या काढणीला आले. खालून वर बघत म्हणाले, “इथं ट्रॅक्टर कसा घालता गं?”

“घालत नाही, नाना. पाठीवरून आणतो. वरच्या टप्प्यांना एका रुळावरची छोटी गाडी आहे.”

मग चार दिवस त्यांनी स्वतः घड तोडले, प्रत्येक घडातला सडका मणी कात्रीने काढून. संध्याकाळी गावात भाजलेली चेस्टनट आणि चीज खाताना त्यांनी दोन घोट घेतले आणि म्हणाले, हिच्याबरोबर तळलेलं पापलेट पाहिजे. ते अगदी बरोबर होतं. तेव्हापासून चव घ्यायला येणाऱ्यांना मी रवा लावून तळलेला मासा देते.

भारतात पाठवायचा विचार मनात आहे. 150 टक्के आयात शुल्कापुढे आजवर हिंमत झाली नव्हती. स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या चार देशांच्या गटाशी भारताने 10 मार्च 2024 ला केलेला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला आहे, आणि महागड्या वाइनवरचं शुल्क त्यामुळे टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. पहिल्या खेपेला साठ बाटल्या पुण्याला, एवढाच बेत आहे.

त्याआधी फेब्रुवारीत वरच्या टप्प्याची नऊ मीटर भिंत उतरवून पुन्हा लावायची आहे. पोट सुटायला लागलंय. लांबट दगड आम्ही डिसेंबरातच निवडून बाजूला ठेवलेत.