घनपाठी गुरुजी आणि साडेपाच बँड

गुरुजी पहिल्या दिवशी धोतर-उपरण्यात क्लासला आले आणि बाकावर तंगड्या पसरून बसलेली इंजिनिअरिंगची पोरं आपोआप सावरून बसली. वय चौतीस-पस्तीस. पंचवटीतली पाठशाळा, पुढे गुरुगृही राहून ऋग्वेदाचं अध्ययन, तेही घनापर्यंत, म्हणजे मंत्रातले शब्द उलटसुलट गुंफून म्हणायच्या अवघड पाठापर्यंत. इंग्लंडात लेस्टरजवळच्या एका देवळाला पूर्णवेळ पुजारी हवे होते. तिथल्या कमिटीने व्हिडिओ कॉलवर रुद्र ऐकून यांना पसंतही केलं होतं. अडलं होतं इंग्रजीपाशी. 'मिनिस्टर ऑफ रिलिजन' या व्हिसाला लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग अशा चारही भागांत बी-टू ही युरोपीय मोजपट्टीवरची वरची-मध्यम पातळी लागते. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या हिशेबात प्रत्येक भागात किमान साडेपाच बँड, म्हणजे गुण.

"मॅडम, किती दिवसांची संथा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी बघू या कुठे आहात ते.

माझा क्लास नाशिकच्या कॉलेज रोडला आहे. व्हिसाचं इंग्रजी शिकवणाऱ्याचा अर्धा वेळ इंग्रजीत जातच नाही, नियम समजावण्यात जातो. एक आयेल्ट्स असते आणि एक 'आयेल्ट्स फॉर यूकेव्हीआय', म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागासाठीची, असते. प्रश्नपत्रिका सारखीच, पण दुसरी ब्रिटनच्या गृहखात्याने मान्य केलेल्या केंद्रावर, पासपोर्ट तपासून, कॅमेऱ्यासमोर घेतलेली. या व्हिसाच्या अर्जाला दुसरीच चालते. साधी परीक्षा देऊन, उत्तम बँड आणून, मग माझ्याकडे रडत आलेले लोक मी दरवर्षी पाहते. फॉर्म भरून देणाऱ्या एजंटाला हा फरक ठाऊक नसतो, किंवा असतो आणि त्याला पर्वा नसते.

गुरुजींना पदवीची वाट मिळाली असती तर परीक्षाच टळली असती. परदेशी पदवी इंग्रजी माध्यमातली असेल आणि यूके एनिक या संस्थेने तसा दाखला दिला, तर चालतं. माझ्याच बॅचमधल्या एका बी.कॉम. मुलाला रजेचा अर्ज धड लिहिता येत नव्हता, पण पदवी इंग्रजी माध्यमाची. तो या दाखल्यावर सुटू शकला असता. गुरुजींची शास्त्री पदवी संस्कृतातून झालेली, म्हणून त्यांना परीक्षा द्यायची. दुसरी एक वाट 'रिलिजस वर्कर'च्या तात्पुरत्या व्हिसाची. त्याला इंग्रजी लागत नाही. पण जानेवारी २०१९ पासून नियम असा की धर्मगुरू म्हणून ज्याने काम करायचं, लोकांची लग्नं लावायची, त्यांना मार्गदर्शन करायचं, त्याने मिनिस्टर ऑफ रिलिजनचाच व्हिसा घ्यायचा. कमिटीला हवे होते तसेच पुजारी.

इंग्रजीचा हा नियम मला सरसकट चुकीचा वाटत नाही, हे आधीच सांगते. तिकडे जन्मलेल्या मुलांना मराठी येत नाही, गुजराती येत नाही. त्यांच्या मुंजी आणि लग्नं लावणाऱ्या माणसाला त्यांच्याशी बोलता आलंच पाहिजे. बोला-ऐकायची परीक्षा जरूर घ्या. पण निबंध कशाला? नवऱ्याकडे किंवा बायकोकडे पहिल्यांदा निघालेल्या माणसाची हेच ब्रिटनचं गृहखातं फक्त बोलण्या-ऐकण्याची परीक्षा घेतं, सगळ्यात खालच्या ए-वन पातळीची. म्हणजे बोलणं आणि लिहिणं वेगळं काढता येतं हे त्यांना ठाऊक आहे. गुरुजींच्या वाट्याला मात्र चाळीस मिनिटांत अडीचशे शब्द आले.

आता कानाबद्दल. इतक्या वर्षांत मी असा विद्यार्थी पाहिलेला नाही. लिसनिंगमध्ये ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, चाळीस प्रश्न, स्पेलिंग चुकलं की गुण गेला. पोरं फोन नंबर ऐकताना 'डबल फोर'ला गडबडतात, नावाची अक्षरं सुटतात. गुरुजी डोळे मिटून ऐकायचे आणि मग सगळं एका दमात कागदावर उतरवायचे. स्कॉटिश उच्चार असो की ऑस्ट्रेलियन, त्यांना फरक पडत नव्हता. एकदा मी 'पेपर' हा शब्द दोन-तीनदा म्हणून दाखवला, तर म्हणाले, "मॅडम, यातले दोन 'प' एक नाहीत. पहिल्यात प्राण आहे, तो 'फ'कडे झुकतो. दुसरा आपला साधा." ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं. मी एम.ए. ला ते वाचलं होतं. कानाने कोणी पकडलेलं प्रथमच बघत होते.

त्यांची वही तर मी अजून जपून ठेवली आहे, झेरॉक्स काढून. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलेले आणि त्यांवर ऋग्वेदाच्या पोथीतल्यासारख्या स्वरांच्या खुणा, अनुदात्ताला खाली आडवी रेघ, स्वरिताला वर उभी, उदात्ताला काहीच नाही. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर आणि 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, हे मी पोरांना घसा कोरडा करून सांगते. गुरुजींनी उदात्त एक घर पुढे सरकवला आणि विषय संपला.

पहिल्या परीक्षेचा निकाल आला: लिसनिंग साडेसात, रीडिंग सहा, स्पीकिंग सहा, रायटिंग पाच. सरासरी सहा. कमिटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, अभिनंदन करायला. "ओव्हरऑल सहा आहे ना, मग झालं की!" नाही झालं. चारही भाग एकाच बैठकीत साडेपाच किंवा त्याच्या वर हवेत. एक पाच म्हणजे सगळं परत. त्यांना हे पटवताना माझी दमछाक झाली. गुरुजी शेजारी शांत बसून होते.

मग ते काही दिवस आले नाहीत. यजमानांची कामं असतील, असं मी धरून चालले. आले त्या दिवशीच्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसले आहे.

दुपारची बॅच सुटली होती. गुरुजी समोर बसले आणि म्हणाले, "निबंध झाले मॅडम. सगळे." मला कळेना. त्यांनी पिशवीतून एक स्पायरल बाइंडिंगची चोपडी काढली. आमच्याच भागातल्या एका क्लासची, 'हमखास टास्क टू', म्हणजे रायटिंगमधल्या निबंधाच्या प्रश्नाची. पर्यावरण, मोबाइल, शहरीकरण, बायकांची नोकरी, ठोकळेबाज सुरुवात, ठोकळेबाज शेवट, मध्ये 'ऑन द वन हँड' आणि 'ऑन द अदर हँड'. चांगली जाडजूड. चोपडी माझ्या हातात देऊन ते म्हणायला लागले. पहिल्या पानापासून. एक शब्द इकडचा तिकडे नाही, स्वल्पविरामाला थांबत, परिच्छेद संपला की श्वास. मी मध्येच कुठलंही पान उघडून पहिला शब्द सांगायची आणि गाडी तिथून सुटायची. मी गंमतीने म्हटलं, "याचा घन होईल का?" तर त्यांनी ग्लोबल वॉर्मिंगवरच्या एका वाक्याचा घन म्हणून दाखवला: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. बाहेर चप्पल घालणारी दोन पोरं दारात येऊन उभी राहिली. त्यांना हसू आवरेना आणि हलवेनाही.

हसू मलाही आलं. मग मी सांगितलं ते सांगणं भाग होतं. गुरुजी, हे चालत नाही. पाठ केलेलं आहे असं परीक्षकाला दिसलं की त्या मजकुराला गुण नाहीत. आणि त्याला दिसतंच, कारण या चोपड्या त्याच्यासमोर रोज येतात.

"पण मी समजून पाठ केलंय."

"तरी नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे पाठ असणं ही लबाडी झाली?"

यावर मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. परीक्षेची बाजू मांडली असणार. त्या बाजूत तथ्य आहे. २०१४ साली बीबीसीच्या 'पॅनोरामा'ने लंडनमधल्या परीक्षा केंद्रांवर उमेदवाराऐवजी भलताच माणूस परीक्षा देतो हे छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं. त्यानंतर टोएक नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेच्या ५८ हजारांहून जास्त चाचण्या तपासल्या गेल्या आणि ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या गेल्या. त्यात निरपराध विद्यार्थीही भरडले गेले, वर्षानुवर्षं कोर्टात झगडले. तेव्हापासून उमेदवाराकडे आधी संशयाने बघायचं, हे या कारभारात मुरलंय. हे सगळं खरं. पण ज्या माणसाला हजारो ऋचा मुखोद्गत आहेत, ज्याच्या परंपरेतल्या वेदपठणाला युनेस्कोने २००३ साली मानवजातीचा वारसा म्हटलं, त्याला मी 'पाठ चालत नाही' असं सांगत होते, तेही 'हमखास टास्क टू'च्या चोपडीवरून. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही नाही.

त्या दिवशी मी चोपडी बाजूला ठेवली आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. म्हटलं, समजा लेस्टरला लग्न आहे. नवरी तिकडेच वाढलेली. ती इंग्रजीत विचारते, हे सगळे विधी आज कशाला हवेत, कोर्टात सही केली की झालं ना? तिला सांगा.

गुरुजी अडखळत सुरू झाले, मग लागले. आधी नवरीचीच बाजू मांडली: ज्याचा अर्थ कोणी सांगत नाही तो विधी कंटाळवाणा होणारच, आणि दोष भटजींचा आहे, कारण आम्ही सांगत नाही. मग सप्तपदी घेतली, एकेक पाऊल कशासाठी ते सांगितलं, भारतातला १९५५ चा हिंदू विवाह कायदासुद्धा सप्तपदीच्या लग्नात सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला असं मानतो, हे सांगितलं. शेवटी म्हणाले, सही करून लग्न लागतं, पण आजीला ते लागलं असं वाटत नाही. व्याकरणाच्या चुका होत्या, क्रियापदं घसरत होती, पण मुद्दा सुटला नाही. थांबले तेव्हा मी शब्द मोजले. अडीचशेच्या वर भरले.

"हाच निबंध, गुरुजी. आत्ता बोललात तेच लिहा."

पुढचे कितीतरी दिवस आम्ही तेच केलं. विषय कुठलाही असो, समोर नवरी आहे असं समजायचं, आधी तिची बाजू, मग आपली. पूर्वपक्ष आणि सिद्धान्त त्यांना मी शिकवायची गरज नव्हती. मला फक्त परिच्छेद पाडायला शिकवावं लागलं, कारण गुरुजी मूळचे एका श्वासात लिहिणारे. आणि हात दुखायचा. इतकं सलग लिहायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात आली नव्हती. रायटिंगच्या पहिल्या प्रश्नासाठी, टास्क वनसाठी, जनरल ट्रेनिंगचा पेपर ठेवला होता, म्हणजे आलेखाऐवजी पत्र. यूकेव्हीआयला दोन्ही चालतात, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

पुढच्या परीक्षेत रायटिंगला साडेपाच आले. काठावर. बाकीचे भाग वरच होते. कमिटीने सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे कामावर बोलावत असल्याचा दाखला, दिलं, व्हिसा आला, गुरुजी गेले. मधूनमधून व्हॉइस मेसेज करतात. लिहीत नाहीत. एकात म्हणाले, इथे मला लिहावं लागतं ते फक्त बुकिंगच्या रजिस्टरात, नाव आणि तारीख.

इकडे अट आणखी कडक होते आहे. 'स्किल्ड वर्कर' व्हिसाला पूर्वी बी-वन पुरायचं, ८ जानेवारी २०२६ पासून नव्या अर्जदारांना तिथेही बी-टू लागतं. त्यामुळे इतर नोकऱ्यांसाठी तिकडे जाऊ पाहणारी माणसंही आता निबंधाच्या वाटेला लागली आहेत आणि चोपड्यांचा खप वाढला आहे.

मागच्या महिन्यात त्या चोपडीवाल्या क्लासने चौकात फ्लेक्स लावला. यशस्वी विद्यार्थ्यांच्या रांगेत गुरुजींचा फोटो, उपरणं पांघरलेला, आणि खाली 'रायटिंगमध्ये झेप: पाचवरून साडेपाच!' चोपडी घेताना त्यांनी नाव-नंबर लिहून घेतले होते, गुरुजी तिकडे फी भरून एक दिवसही बसले नव्हते. मी फोटो काढून त्यांना पाठवला. त्यांचा मेसेज आला, "असू द्या मॅडम, त्यांची चोपडी मला अजून पाठ आहे." परवा एक आई मुलाला घेऊन माझ्याकडे आली, फ्लेक्स बघूनच. म्हणाली, तिथे गर्दी आहे, तुमच्याकडे ते निबंधांचं पुस्तक मिळेल का.