आधी रडणं, मग आभार

नोकरी गेलेल्या किंवा घरात कॅन्सर शिरलेल्या माणसाला चर्चच्या पायरीवर हमखास ऐकवलं जातं, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, ५:१८. वचन खरं आहे, पण ऐकवणारा घाई करतो. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल ‘स्थितीत’ म्हणतो, ‘स्थितीबद्दल’ नव्हे. इफिसकरांस पत्रात (५:२०) तो ‘सर्व गोष्टींबद्दल’ही म्हणतो, हे मान्य. पण त्याच पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं होतं. उपकारस्तुती करणाऱ्याने दुखणं गोड मानून घ्यावं, असं पवित्र शास्त्रात कुठेच नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू आधी रडला (योहान ११:३५), आणि पित्याचे आभार त्याने त्यानंतर मानले (११:४१). कठीण दिवसांत हा क्रम फार मोलाचा आहे.

हा क्रम पाळायला रोज रात्री दहा मिनिटं आणि एक साधी शंभर पानी वही पुरते. पहिली तीन मिनिटं तक्रारीची. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. ते अवघ्या ६ वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर’ हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि शेवटच्या वचनात गाणं. त्या ‘कुठवर’पुढे आपली गोष्ट नावानिशी ठेवा : थकलेलं भाडं, केमोची पुढची तारीख, बोलेनासा झालेला मुलगा. ही पायरी गाळली की आभार ओठांवरच राहतात आणि आठवड्याभरात वही बंद पडते.

मग पाच मिनिटं सकाळपासूनचा दिवस उलगडा. संत इग्नाशियस लोयोला यांनी घालून दिलेल्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्यांतली पहिली आभाराचीच आहे. तीनच गोष्टी लिहा, पण वेळ, जागा आणि माणूस यांच्यासकट. ‘आरोग्य, कुटुंब, छप्पर’ असं लिहिलं की चौथ्या दिवशी तेच शब्द पुन्हा उतरतात आणि मन कोरडंच राहतं. ‘दुपारी परळला केसपेपरच्या रांगेत मागच्या बाईंनी माझी जागा धरून ठेवली, म्हणून आईला औषध देता आलं’, असं लिहिलं की प्रार्थनेत त्या बाईंचा चेहराही येतो. उरलेल्या दोन मिनिटांत त्या तीन गोष्टी देवाला मोठ्याने सांगा आणि त्यांतल्या एका माणसाचे आभार उद्या कसे मानायचे ते ठरवा. फोन पुरे.

एका चुकीपासून मात्र जपायला हवं, कारण ती भक्तीसारखी दिसते. ‘त्यांच्यापेक्षा आपलं कितीतरी बरं’ या तुलनेतून आलेले आभार. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून ‘मी इतरांसारखा नाही’ म्हणून देवाचे आभारच मानत होता, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो लोकांनी पापी ठरवलेला जकातदार. दुसऱ्याचं दुःख आपल्या समाधानाचं माप होऊ देऊ नका.

एकट्याने जमत नसेल तर मंडळीचा आधार घ्या. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे मरियेच्या मध्यस्थीची प्रार्थना, होतो. तिथे मागण्यांबरोबर आभाराची पत्रंही येतात. बुधवारी जाणाऱ्यांनी मागणीचं पत्र टाकताना आभाराचंही एक टाकायची सवय लावावी. मुंबईच्या गावठाणांत ईस्ट इंडियन लोक, म्हणजे इथले मूळचे ख्रिस्ती, ऑक्टोबरच्या सुरुवातीला आगेरा हा सुगीचा सण साजरा करतात. बहुतेक शेतं कधीच इमारतींखाली गेली, तरी भाताची कणसं चर्चमध्ये आणून आशीर्वादित केली जातात. गेलेल्याचं दुःख आणि मिळालेल्याचे आभार एकाच ओंजळीत मावतात, हे मला तिथे फार स्पष्ट दिसतं.

आणि काही रात्री आभार येतच नाहीत. त्या रात्रीसाठी स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपतं, तरी प्रार्थनाच आहे. तेवढंच वाचून झोपा, वही कोरी राहू द्या. पण दोन आठवडे झोप, भूक आणि उमेद हरवली असेल, तर तो विश्वासाचा कमकुवतपणा समजू नका, डॉक्टरांकडे जा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि मोफत आहे.

मयताच्या घरी गेलात तर ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे ५:१८ उच्चारू नका. डबा न्या, शेजारी बसा, आणि गेलेल्या माणसाची एखादी नेमकी आठवण सांगा. आभाराचे शब्द घरचे आपल्या वेळेने काढतील.