दाजीपूर: गव्याची वाट आणि माणसाची वाट

दाजीपूरच्या जंगलात जाऊन आलो म्हटलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला: "गवा दिसला का?" दिसला. तीन दिवसांत मिळून चार-पाच मिनिटं. बाकीचा वेळ त्याच्या वाटा तुडवण्यात गेला, आणि त्यातला एक अख्खा तास त्याच्या वाटेला माणसाची वाट समजून भलतीकडं भरकटण्यात. ते पुढं येईलच.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. मी, धाकटा भाऊ आणि त्याचा एक मित्र. कोल्हापूर ते दाजीपूर साधारण 80 किलोमीटर. राधानगरीच्या गाड्या रंकाळा स्टँडवरून मिळतात. पुढं दाजीपूरला जायचं तर फोंडा घाटातून कोकणात उतरणारी गाडी धरायची. दुचाकीवर जाणार असाल तर एक ऐका, गळीत हंगामात हळदी, परिते, भोगावती या पट्ट्यात अंधारात गाडी चालवू नका. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागून दिव्याशिवाय चाललेला असतो आणि तो दिसेपर्यंत आपण त्याच्या बुडाशी पोचलेलो असतो. पेट्रोल, रोख पैसे, औषधं, जे काय घ्यायचं ते राधानगरीतच घ्या. पुढं मोबाईलची रेंज येते-जाते, त्यामुळं फोनवरून पैसे देण्याचा भरवसा धरू नका.

राधानगरीत तासभर हाताशी ठेवा. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण बघितल्याशिवाय पुढं जाणं मला तरी पटत नाही. त्याचे 7 स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडतात. पावसाळ्यात 'राधानगरीचा दरवाजा उघडला' ही बातमी आली की पंचगंगेकाठचा माणूस घरातलं सामान माळ्यावर टाकायला लागतो. तोच दरवाजा फेब्रुवारीत अगदी गरीब दिसतो. धरणाच्या पुढं रस्ता पाण्याच्या कडेकडेनं चढत जातो आणि जंगल दाट व्हायला लागतं.

दाजीपूर म्हणजे रस्त्याकडेची थोडी घरं, चहाची टपरी, वनखात्याचा नाका. घाटमाथ्यावरचं गाव असल्यानं दुपारी कितीही तापलं तरी पहाटे कुडकुडायला होतं. स्वेटर न्या. राहायची सोय गावात आणि आजूबाजूला आहे, पण शनिवार-रविवार आधी फोन केल्याशिवाय जाऊ नका. आम्ही उतरलो त्या घरी रात्री नाचणीची भाकरी, झुणका, खर्डा आणि दही मिळालं. भावाच्या मित्रानं तांबडा-पांढरा रस्सा आहे का विचारलं तेव्हा घरच्या मावशी म्हणाल्या, "त्यो तुमच्या कोल्हापुरात खावा, हितं हे खावा." बरोबरच होतं त्यांचं.

आता शिवगड, दाजीपूरजवळचा किल्ला. गावापासून उगवाई देवीच्या देवळाच्या बाजूनं जाणारी ही वाट चालायला सगळ्यात चांगली, आणि आम्ही चुकलो तीही हीच. नाक्यावर नावं लिहिली, वाटाड्या घेता का असं विचारलं, आम्ही नको म्हणालो. पन्हाळा-पावनखिंड चालून आलेल्या माणसांना तासाभराच्या किल्ल्याला कशाला हवा वाटाड्या, हा आमचा माज. पहिली वीस-पंचवीस मिनिटं झाडीतून रुंद, मळलेली वाट होती. मग ती दोन झाली. डावीकडची जास्त रुंद, जास्त मळलेली, चढ अगदी बेताचा. अर्थातच आम्ही ती घेतली. ती एका ओढ्यात उतरली, पलीकडं चढली, परत उतरली. तासाभरानं एका डबक्यापाशी आली आणि तिथंच संपली. चिखलात खूर उमटलेले, माझ्या पंजाएवढे. वाट उत्तम होती, फक्त ती आमच्यासाठी नव्हती.

त्याच वाटेनं मुकाट्यानं मागं आलो. दुसऱ्या दिवशी गावातल्याच एका मामांना बरोबर घेतलं. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत जे शिकवलं ते असं. गव्याची वाट माणसाच्या वाटेपेक्षा नेहमी चांगली असते. हजार किलोपर्यंत वजनाचं जनावर उगाच दम घालवत नाही, ते उताराला धरून आडवं जातं आणि शेवटी पाण्याला नाहीतर गवताला पोचतं. माणसाची वाट अरुंद असते, मध्येच उभी चढते, आणि वर बघितलं तर डोक्याच्या उंचीला फांद्यांवर कोयत्याचे जुने घाव दिसतात. गव्याच्या वाटेवर खालचं सगळं मोकळं आणि फांद्या मात्र तोंडावर येतात. "खाली बघून चालतासा म्हणून चुकतासा. वर बघा की वाईच," मामा म्हणाले. त्यानंतर मी मान वर करूनच चाललो आणि दोनदा ठेचकाळलो, तो भाग वेगळा.

मान वर ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे शेकरू. उंच झाडांच्या शेंड्याकडं काटक्या-पाल्याचे गोल गठ्ठे दिसतात, ती त्याची घरटी. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, त्यामुळं घरटी मोजून शेकरं मोजायला जाऊ नका. आणि अंजनीची झाडं! फेब्रुवारीच्या शेवटी खोडाला, फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके फुटलेले असतात. फोटोत तो रंग येत नाही, मी चाळीस काढून बघितले.

किल्ल्यावर पडझड झालेली तटबंदी आहे, झाडीत दडलेले दगड आहेत. बुरूज-दरवाजे मोजणाऱ्यांची निराशा होईल. पण कडेला उभं राहिलं की पायाखाली फोंडा घाट आणि त्याच्या पलीकडं सगळं कोकण. समुद्र दिसतो असं सांगतात, आम्हाला नुसतं धुरकट दिसलं. पावसाळा संपल्या-संपल्या हवा स्वच्छ असताना जास्त लांबचं दिसत असणार. ऊन पडायच्या आत, सकाळीच जाऊन या. मावळतीसाठी थांबायचा मोह होतो, थांबू नका. परतीची वाट अंधारात झाडीतून आहे आणि तीच वेळ गव्यांची पाण्यावर यायची.

आम्हाला गवा दिसला तो असाच, उतरताना. मामा एकदम थांबले आणि मागं हात केला. समोर साठ-सत्तर पावलांवर सहा-सात जनावरं, एक वासरू. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, बाकी अंग कोळशासारखं. पुढची गाय नाकातून जोरात फुसकारली. आम्ही पुतळे. चार-पाच मिनिटांनी सगळा कळप असा झाडीत शिरला की एवढी मोठी जनावरं गेली कुठं हे कळलं नाही, फांदीसुद्धा मोडल्याचा आवाज नाही. मामांचा नियम असा: कळप दिसला तर उभं राहायचं आणि त्याला वाट द्यायची. एकटा नर दिसला तर फोटोच्या भानगडीत न पडता, पळत न सुटता, मागं सरकत जाड झाडाचा आडोसा धरायचा. पंचगंगेकाठी आलेल्या गव्यामागं मोबाईल घेऊन पळणारी गर्दी आपण कोल्हापूरकरांनी बघितलीय. जंगलात तसं करून बघू नका.

अभयारण्याच्या आतला भाग वेगळा. 1958 साली दाजीपूरचं हे जंगल राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं, आता ते राधानगरी अभयारण्य म्हणून साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरलंय. 2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या यादीत घेतलं त्यात हेही आहे. आत मनाला येईल तसं पायी फिरता येत नाही. नाक्यावर परवानगी काढायची, गाईड घ्यायचा, गाडीनं ठक्याचा वाडा, सावराई सडा अशी ठिकाणं बघायची. आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन आलो. गाडीच्या आवाजानं बाकी काही दिसलं नाही, पण सावराई सड्यासाठी फेरी वसूल झाली. सडा म्हणजे वरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. पाऊस सरताना तिथं फुलं असतात, फेब्रुवारीत वाळलेलं गवत आणि तव्यासारखा तापलेला दगड. टोपी हवीच. आणि तिथं विडी-सिगारेट पेटवणाऱ्याला गाडीतून उतरवून घरी पाठवावं या मताचा मी आहे. एका ठिणगीवर सगळा सडा पेटतो.

पाणी माणशी तीन लिटर घ्या, ओढे तोवर आटत आलेले असतात. भडक कपडे, अत्तर, स्पीकर घरी ठेवा. पूर्ण बाह्या आणि पँटचे पाय मोज्यात खोचलेले असू द्या. तेव्हा पावसातल्या जळवा नसल्या तरी गवतात गोचिड्या असतात. खाली सिंधुदुर्गात माकडताप पसरला तो गोचिड्यांमुळंच. रात्री आंघोळीच्या वेळी अंग नीट तपासा, ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं, उघडल्याची खात्री करूनच बेत आखा. पावसाच्या तोंडावर, मेअखेरीला, काजव्यांसाठी राधानगरीकडं गर्दी होते. मला गर्दीत काजवे बघायचा धीर नाही, पण बघणारे वेडे होऊन येतात एवढं खरं.

परतीला रस्त्यावर उभं राहायचं आणि कोकणातून वर येणाऱ्या एसटीला हात करायचा. शेवटच्या गाडीची वेळ टपरीवर सकाळीच विचारून ठेवा, आणि त्या गाडीवर विसंबण्यापेक्षा तिच्या आधीची धरा. आम्हाला मिळाली ती खच्चून भरलेली, सुक्या बांगड्याच्या वासाची. राधानगरीपर्यंत उभ्यानं आलो. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "गवा दिसला का?"